पहिलटकरीण

शेजारच्या पत्र्यावर बोका रडायला लागला की माझं मशीन थांबतं. पायडलवरचा पाय आपोआप उचलला जातो आणि मी कान देऊन बसते. तान्ह्या पोराला कुणी चिमटा काढावा तसं ते रडणं. मागं एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "आवं ताई, कुणाचं बाळ रडतंय बघा की. आई कुठं गेलीया त्याची?" मी म्हटलं, "बाळ न्हाई, बाप हाय तो. व्हायचाय अजून." बाई इतकी हसली की टेप हातातून निसटली.

हे दिवसच तसे. फाल्गुन निम्मा सरलेला असतो, साखर कारखान्याचा हंगाम संपायला आलेला असतो. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर धुराड्यातून उडालेली काळी राख येऊन बसते; झटकली तर पसरते, म्हणून फुंकून काढायची. वाऱ्याला मळीचा आंबूस वास. गल्लीत कुणी ना कुणी कुरडयांसाठी गहू भिजत घातलेला, त्याचाही वास आंबूसच. दोन्ही वास एकमेकांत असे मिसळतात की चीक कुठल्या घरात काढलाय हे नाकाला सांगता येत नाही. पूर्वी हा वास आला की मला उन्हाळा आला म्हणून बरं वाटायचं. आता मी खिडकी लावून घेते.

मी मलकापुरात राहते. कराडला लागूनच आहे. कराडवाले आम्हाला कराडचं मानत नाहीत आणि आम्ही लांबच्या माणसाला पत्ता सांगताना बेधडक कराड सांगतो. पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं काम चालतं. लग्नसराई तोंडावर आलीय, खुंटीवर पिशव्यांची गर्दी झालीय, आणि हे लिहिताना अस्तराच्या ढिगावर सुगी झोपलीय. सुगी म्हणजे आमची मांजर. गव्हाची सुगी चालली होती तेव्हा जन्मली, म्हणून सुगी. तिची आई ठकी. ठकी गेल्या चैत्रात बाळंतपणात गेली. तेव्हापासून माझं एकच म्हणणं होतं: सुगीला त्या वाटेनं जाऊ द्यायचं नाही. तिचं ऑपरेशन करून टाकायचं, पिलं व्हायलाच नकोत. इतकी साधी गोष्ट. पण माझ्या घरात ती साधी गोष्ट वर्षभर होता होईना.

ठकीला आणलं ते आमच्या ह्यांनीच. हे फौजेत हवालदार होते. निवृत्त होऊन घरी आले आणि मुलगा त्यांच्याच पाठोपाठ भरती होऊन गेला. घरात करायला काही उरलं नाही, म्हणून रोज सकाळी भाजी आणायचं काम ह्यांनी स्वतःकडं ओढून घेतलं. एका सकाळी पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीवर हे एवढंसं भिजकं पिल्लू. "सर्व्हिस रोडला उसाच्या ट्रॉलीखाली बसलं हुतं," म्हणाले, "चाकाखाली गेलं असतं की गं." मी कोथिंबीर धुवावी की टाकावी ह्या विचारात, आणि हे स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं शोधताहेत. आठवड्याभरात तिनं आम्हाला ओळखलं. माझ्याकडून दूध पिऊन झालं की ह्यांच्यापुढं जाऊन उपाशी चेहरा करायची, आणि ह्यांच्याकडून मिळालं की पुन्हा माझ्याकडं. म्हणून ठकी.

लस टोचायला नेलं तेव्हाच कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा-सात महिन्यांची झाली की ऑपरेशन करून घ्या. आम्ही माना डोलावल्या. स्कूटरवरून घरी येताना मागं बसलेल्या मला हे म्हणाले, "एकदा तरी होऊ दे की गं. बाईचा जन्म हाय तिचा."

मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. माझ्याकडं येणाऱ्या बायकांनाही वाटलं. शिवणाऱ्या बाईच्या घरी निकाल फार लवकर लागतात. बाही किती ठेवायची ह्याच्यावर दहा मतं पडतात, पण मांजरीच्या बाबतीत सगळ्यांचं एकच मत. "एकदा आई होऊ दे तिला, मग करा काय करायचं ते." कुसुमताई शेजारच्याच. त्यांनी त्या दिवशी स्वतःचं पहिलं बाळंतपण पुन्हा एकदा सांगितलं. पोर पायाळू, कळा येऊन थांबलेल्या, गाडी मिळेना, नवऱ्यानं हात जोडून डॉक्टरीणबाईंना झोपेतून उठवलेलं. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मांजराला काय, त्याचं आपसूक हुतंय."

आपसूक. ह्या शब्दानं आपली किती सोय करून ठेवलीय.

माझं माहेर सांगलीचं. वडील मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात कामाला होते. घरी आले की आधी त्यांचे पिवळे तळपाय दिसायचे. गोदामात उंदीर पोती कुरतडायचे, म्हणून तिथं मांजर असायचंच, आणि ते जेवायला आमच्या घरी यायचं. तिचं नाव मनी. माझ्या आठवणीत मनी कायम आहे. मी शाळेत जात होते तेव्हा मनी होती, माझी साडी नेसायची वेळ आली तेव्हाही मनी होती. हळदीच्या पोत्यांमागं दर उन्हाळ्यात तिची पिलं. आम्ही हमालांच्या पायांमधून वाकून बघायला जायचो, हळदीच्या धुळीनं पिलं पिवळट झालेली असायची. आता ह्या वयात डोक्यात येतं, की मांजर एवढी वर्षं जगतच नाही. ती एक मनी नव्हतीच. एक दिसेनाशी झाली की आई म्हणायची, "गेली असंल कुठंतरी," आणि मग दुसरी यायची, तिलाही मनीच म्हणायचं. पोट मोठं झालेलं आम्ही पाहिलेलं असायचं. मग ती दिसायची नाही. आम्ही कुणी विचारलं नाही, की अशी पोटुशी बाई उन्हातान्हात जाईल कुठं? पिलं दिसली की दिसली, न दिसली तर नव्हतीच. जी जगली तेवढीच आम्हाला माहीत. जगलेल्यांकडं बघून आम्ही ठरवून टाकलं की मांजरीचं सगळं सुखरूप होतं.

गेल्या वर्षी माघात ठकी वयात आली. पुढची हकिगत बोक्याची, ती सांगायची गरज नाही. चैत्र लागेपर्यंत तिचं पोट दोन्ही बाजूंनी असं दिसायला लागलं की चालताना ती जरा मिरवतेय असंच वाटावं. बायकांना काय, निमित्तच पाहिजे. एका दुपारी माझ्याच खोलीत ठकीचं डोहाळजेवण झालं. हिरव्या खणाचा तुकडा उरला होता, त्याची मी पट्टी शिवली आणि तिच्या गळ्यात बांधली. कुणी पेढे आणले, कुणी भाजलेलं सुकट आणलं. ठकीनं सुकट संपवलं आणि पट्टीच्या गाठीला पंजानं ओढत बसली. फोटो निघाले. ते फोटो मुलाच्या युनिटपर्यंत जाऊन पोहोचले. त्यानं तिकडून फोन करून विचारलं, "आई, आपल्याकडं कुणाचं काय हाय?" हसून हसून आमची पुरेवाट. त्या दिवशी मी फार आनंदात होते. मुलगा लांब, घर रिकामं, आणि त्या घरात काहीतरी जन्माला येणार होतं. एवढं तर मागणं होतं.

त्याच सुमाराला माझे धाकटे दीर, बाळूभावजी, गावाकडून ज्वारी घेऊन आले. गाव कृष्णेकाठी, ऊस आणि म्हशी. त्यांची एक म्हैस व्यायला झाली होती. पोतं खाली ठेवतानाही त्यांचं लक्ष फोनवर होतं. "बाज टाकलीया गोठ्यात," म्हणाले, "मी न्हाई तर पोरगं झोपतंय तितं. माकडहाडापशी खड्डं पडल्यात, कास भरलीया, आज-उद्याचं काम हाय. डॉक्टरला सांगून ठिवलंय, गाव सोडू नगा म्हणून." उसाच्या पाल्याचा बिछाना घातलेला, बाजरी आणि गूळ काढून ठेवलेला, गोठ्याच्या दाराला गोणपाट. मग त्यांनी ठकीकडं पाहिलं आणि सहज विचारलं, "वैनी, हिचं किती दिवस झालं?"

"काय म्हाईत," मी म्हटलं.

"मांजराचं कोण दिवस मोजतंय?" ते हसले. मीही हसले.

त्या हसण्यावर मी वर्षभर विचार करतेय. बाळूभावजी कोरड्या मनाचा माणूस नाही. वासरू मेलं तर दोन दिवस नीट जेवत नाही. पण म्हशीच्या बाळंतपणात काय काय बिघडू शकतं हे त्यांच्या बोटांना पाठ आहे, कारण म्हैस गेली तर घर बसतं. ज्याच्या जाण्यानं घर बसत नाही, त्याच्या बाळंतपणात काही बिघडू शकतं हे आपल्याला सुचतच नाही. माया कमी असते असं नाही. आमची माया तर गळ्यात खणाची पट्टी बांधण्याइतकी होती. भीती नव्हती. आणि ज्या मायेला भीती नसते ती लाड करते, राखण करत नाही.

पण आमच्या हातून जे झालं ते नुसत्या बेफिकिरीनं झालं नाही, आणि हेच मला जास्त छळतं. आम्ही तिची अदब राखली. कुसुमताईंनी बजावून सांगितलं होतं, "व्यायला बसली की डोकवायचं न्हाई. माणसाची नजर पडली की मांजर पिलं उचलती आन् सात घरं फिरवती. न्हाईतर खाऊन टाकती." हे मी माहेरीही ऐकलं होतं, ह्यांनीही ऐकलं होतं. म्हणून मागची खोली तिला दिली. कॉटखाली जुनी लुगडी अंथरली, खिडकीला चादर लावली, दूध-भाकरीची वाटी दार किलकिलं करून हातानं आत सरकवायची, बघायचं नाही. ह्यांनी तर फर्मानच काढलं, "नो एंट्री." घरातल्या लेकीला बाळंतपणासाठी अंधाऱ्या, उबदार खोलीत ठेवावं तसं आम्ही तिला ठेवलं. लेकीजवळ मात्र कुणीतरी बाई सतत बसलेली असते, हे आम्ही विसरलो.

तिला कळा लागल्या त्या दिवशी भावजींच्या गावची यात्रा होती. ह्यांनी नैवेद्य घेऊन जायचं आणि मी मागं थांबून हळदीच्या कार्यक्रमाचे ब्लाउज पुरे करायचे असं ठरलं. सकाळी हे निघताना मागच्या खोलीच्या दाराआडून बारीक आवाज आला. ह्यांनी दाराला कान लावला, माझ्याकडं बघून बोट ओठांवर ठेवलं आणि चोरासारखे चवड्यांवर चालत बाहेर गेले. एवढा धिप्पाड माणूस असा चालताना बघून मला हसू आवरेना.

मग मी आणि मशीन. ब्लाउज न्यायला बायका येत होत्या, आणि जी ती आधी त्या दाराला कान लावून येत होती. "कळा देतीया." "पहिलटकरीण हाय, येळ लागायचाच." आवाज सकाळी बारीक होता, मग मोठा झाला, मग मधूनच घशातून आल्यासारखा यायला लागला. माझा हात दोनदा कडीवर गेला. दोनदा मी तो मागं घेतला. आपण उघडलं आणि तिनं पिलं टाकली तर, ह्या धाकानं. दुपारचं ऊन गॅलरीत उतरलं तेव्हा आवाज थांबला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मी ह्यांना फोन लावला. तिकडं ढोल-ताशा आणि लाउडस्पीकर. मी ओरडून म्हटलं, "झालं वाटतं!" ह्यांनी तिकडं कुणाला तरी ओरडून सांगितलं, आणि चारसहा माणसांचा एकदम जल्लोष मला फोनमधून ऐकू आला. बाळूभावजींचा आवाज ओळखू आला, "वैनी, पेढं द्या!" मी हसत हसत बटणं लावायला बसले.

भिंतीपलीकडं ती गप्प झाली होती ती दमून.

हे आणि बाळूभावजी गाडीतून संध्याकाळच्या आत आले. ह्यांना राहवलं नाही. दार बोटभर उघडलं, आणि मग सताड उघडलं. ठकी कॉटखाली एका अंगावर पडली होती. लुगडं ओलं, काळपट. पिल्लाचा एक पाय तेवढा बाहेर आलेला. ती आमच्याकडं बघत होती. मांजरी ओरडते, फिस्कारते, पळते. नुसतं बघत पडलेली मांजर मी कधी पाहिली नव्हती.

कराडच्या डॉक्टरांचा फोन त्यांच्या दवाखान्यातल्या पोरीनं उचलला. "सर गावाकडं गेल्यात, यात्रा हाय. उद्या येतील." चैत्रात आमच्या भागात रोज कुठल्या ना कुठल्या गावची यात्रा असते, डॉक्टरलाही गाव असतं. त्याला काय बोलणार? बाळूभावजींनी त्यांच्या म्हशीच्या डॉक्टरांना लावला. ते भले, पण म्हणाले, "मोठ्या जनावराचं असतं तर आत्ता निघालो असतो. मांजराचं पोट मी कधी उघडलेलं न्हाई." शेवटी सांगलीला दिलेल्या माझ्या नणंदेनं तिथल्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं, आणि आम्ही निघालो.

तो रस्ता मला अजून संपल्यासारखा वाटत नाही. उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या, एका गावात पालखी आडवी, एका गावात बैलगाड्यांची रांग. गुलालानं रंगलेली पोरं काचेतून आत वाकून बघत होती. ठकी माझ्या मांडीवर भाकरीच्या पाटीत. हे भावाला एकदा म्हणत होते, "हळू घे रं, धक्का बसतोय तिला," आणि लगेच म्हणत होते, "जरा दाब की रं." बर्फात चौकीवर उभा राहिलेला माणूस. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी बघितलं नव्हतं. मी बोट पुढं केलं तर ठकीनं ते चाटलं. दोनदाच. तेवढ्यानं ती दमली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पोट चाचपलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"सकाळपास्नं."

"एवढा वेळ?"

"मला वाटलं, आपसूक..."

"सगळ्यांना तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. रोज तेच वाक्य बोलणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

पिल्लू आडवं अडकलं होतं. ठकी स्वतःच अजून पोर, तिचं हाड लहान. पोट उघडून पिलं काढली. दोन आधीच गेलेली होती. तिसऱ्याला डॉक्टरबाईंनी पंच्यात गुंडाळून इतकं चोळलं, इतकं चोळलं की मला वाटलं आता सोडून देतील. मग एक बारीक चीं झालं. ती सुगी. ठकी रात्र काढेल असं वाटलं होतं. उजाडता उजाडता ती गेली. आतल्या आत विष पसरलं होतं, वेळ फार झाला होता, असं त्यांनी समजावून सांगितलं. नणंदेच्या परसात कढीपत्त्याखाली तिला ठेवलं. ह्यांनी स्वतः खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर कुसुमताई धावत आल्या. खरंच रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हंजे मला एक बी पिल्लू न्हाई का आता?" मी त्यांच्यावर चिडले नाही. पिल्लू हवं असणं म्हणजे काही पाप नाही. पिल्लू म्हटलं की डोळ्यासमोर दोरीच्या गुंड्याशी खेळणारं पिल्लूच येतं. पंच्यात गुंडाळलेलं कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही, आणि ते आणून दाखवताही येत नाही. मी खूप सांगून बघितलं. लग्नसराईभर ब्लाउज द्यायला बसले की सांगायची. बायका च् च् करायच्या, डोळ्यांत पाणी आणायच्या, आणि जाता जाता म्हणायच्या, "आमच्या मांजरीचं मातर सुखरूप झालं हो, चार झाली." माझ्या दुःखावर त्यांचा विश्वास बसायचा, पण ते त्यांच्या दारात येऊ शकतं ह्यावर बसायचा नाही.

सुगीला जगवलं ते ह्यांनी. बोटाएवढ्या बाटलीनं दूध पाजायचं, ते सुद्धा दिवस-रात्र सारखं थोडं थोडं. गरम पाण्याची पिशवी बदलायची. आई चाटते तसं ओल्या कापसानं पोटाखाली चोळायचं, त्याशिवाय लेकराला शी-शू होत नाही, हे डॉक्टरबाईंनी शिकवलेलं. आमचे हवालदारसाहेब चष्मा लावून, मांडीवर टॉवेल घेऊन ते काम करायचे आणि झालं की मला आतून ओरडून सांगायचे, "झाली गं, झाली!" सुट्टी मिळाल्यासारखा आनंद. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा तिनं पाहिले ते ह्यांच्या दाढीचे पांढरे खुंट. त्यांनाच ती आई समजते, अजूनही.

म्हणूनच मला वाटलं होतं की ह्यांना सांगावं लागणार नाही. पावसाळा सरल्यावर मी विषय काढला. हे म्हणाले, "जरा अंगानं भरू दे." दिवाळीनंतर काढला. म्हणाले, "थंडीचं नगं." संक्रांत झाल्यावर मी हट्टालाच पेटले, तेव्हा सुगीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "ठकीचं एवढंच उरलंय गं. हिच्या पोटी एक तरी ऱ्हाऊ दे."

"आवं, तुमी तर डोळ्यांनी बघितलंय समदं!"

"म्हणून तर," ते म्हणाले. "ह्या खेपेला दार लावायचं न्हाई. मी बसतो तिच्याजवळ. डॉक्टरबाईंना आधीच सांगून ठिवू."

माणूस शहाणा झाला होता, फक्त नको त्या बाजूनं. मला वाटायचं दुःख झालं की माणूस सावध होतो. तसं नसतं. दुःख झालं की माणूस गेलेलं परत मागायला लागतो, आणि परत मागायचा रस्ता त्याच दारातून जातो. त्यांच्याशी भांडताना मी जिंकायचे आणि मग त्यांचा चेहरा बघून मलाच हरल्यासारखं वाटायचं.

तरी मी सांगलीच्या दवाखान्यात फोन करून दिवस ठरवला. पण त्याच्या आधी माघ आला. सुगी घरभर लोळण घेत हाका मारायला लागली. दारापाशी जायची, उंबऱ्यावर अंग घासायची, आमच्याकडं बघून ओरडायची. पत्र्यावरून उत्तर यायचं. मी कानात बोळे घालून मशीन चालवलं, दारं-खिडक्या बंद ठेवल्या. एका सकाळी मी कापड आणायला कराडात गेले होते. परत आले तर दार उघडं आणि सुगी नाही. हे पायरीवर बसलेले. "मला बघवंना तिचं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुगी परत आली, अंगाला माती, आणि अस्तराच्या ढिगावर जाऊन झोपली.

ठरल्या दिवशी डॉक्टरबाई आजारी पडल्या. मग लग्नाची शिलाई अंगावर आली. परवा मी सगळं बाजूला टाकलं, सुगीला पिशवीत घातलं आणि ह्यांना म्हटलं, "चला." ह्यांनी पायात चपला घातल्या.

डॉक्टरबाईंनी आम्हाला ओळखलं. सुगीलाही ओळखलं, म्हणाल्या, "ही ती पंच्यातली ना?" मग तिच्या पोटावरून बोटं फिरवताना थांबल्या, पुन्हा फिरवली. "ताई, हिच्या पोटात पिलं आहेत."

मी टेबलाचा काठ धरला. त्या शांतपणे सांगत होत्या, "फार दिवस झालेले नाहीत. आज ऑपरेशन केलं तर पिशवीबरोबर पिलंही निघून जातील, सगळं एकदमच होईल. आईच्याच वळणावर गेलीय ही, हाड लहानच आहे. पुढं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. तुम्ही ठरवा."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. वर्षभर माझ्याशी वाद घातलेला माणूस भिंतीकडं बघत उभा होता. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "मी ह्यात काय बोलणार न्हाई आता." मला हेच तर पाहिजे होतं. कुणी आडवं यायला उरलं नव्हतं. गेल्या चैत्रापासून 'करा' हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता, फक्त उच्चारायचा होता.

"हात लावून बघायचंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मी नको म्हणायला हवं होतं. त्यांनी माझी बोटं धरून सुगीच्या पोटावर नेली, हलकेच दाबली. कापडी पिशवीत आवळे लागावेत तसे एकामागून एक लागले. गोल, घट्ट, आपापल्या जागी बसलेले. सुगी घुरघुरायला लागली. तिला वाटलं मी तिला खाजवतेय.

मला सगळं माहीत होतं. बंद दार माहीत होतं, गप्प झालेली भिंत माहीत होती, पाटीतून वर आलेली ती जीभ माहीत होती. बायकांना मी वर्षभर जे जे सांगत होते ते सगळं मला त्या क्षणी पाठ होतं, आणि बोटं तिथून निघत नव्हती.

"राहू द्या," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. नवल वाटल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांनी सुगीला पिशवीत ठेवलं, टेबल पुसलं आणि बाहेर थांबलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.